मनगटातून अँजिओग्राफी केली तर हाताला कायमचा धोका असतो का? मांडीतून केलेली बरी का?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय 62, शुगर बरीच वर्षं आहे आणि पुढच्या आठवड्यात मनगटातून अँजिओग्राफी ठरली आहे. त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडन्या कशा चालल्यात ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, किती आहे? ते तुम्ही लिहिलेलंच नाही आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं.

मांडी की मनगट, हा वाद आता जवळपास मिटलेला आहे. कॅनडातल्या लुसियां कांपो यांनी मनगटातल्या धमनीतून केलेल्या अँजिओग्राफीचा अनुभव 1989 मध्ये मांडला. पुढे 2015 मध्ये ‘मॅट्रिक्स’ हा युरोपातला मोठा अभ्यास आला. हार्ट अटॅक किंवा तशा त्रासाने आलेल्या 8,000 हून जास्त रुग्णांत मनगटातून केलेल्यांचा मोठा रक्तस्राव कमी झाला, मृत्यूही कमी झाले. कारण साधं आहे. मांडीतल्या धमनीचं रक्त आतल्या आत पोटामागे साचत गेलं तर बराच वेळ कळत नाही; मनगटाची धमनी हाडावर दाबून धरता येते. हात काळा पडण्याची भीती मनातून काढा. करंगळीच्या बाजूने दुसरी धमनी येते, तळव्यात दोघी एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक बंद पडली तरी बहुतेकांचा हात दुसरीवर नीट चालतो.

पण याच जोरावर ‘हाताला काही होत नाही’ असं जे सांगतात, ते मला अजूनही सहन होत नाही. हात राहतो, पण मनगटातली ती धमनी राहीलच असं नाही. अँजिओग्राफीची नळी मनगटातून घातल्यानंतर साधारण शंभरात पाचेक जणांची धमनी गुठळी होऊन बंद पडते. दुखत नाही, बोटं गरमच राहतात, म्हणून घरच्यांना पत्ताही लागत नाही.

आमच्या अण्णांचं तेच झालं. शुगर जुनी, क्रिएटिनिन वाढलेलं, लघवीतून प्रोटीन जात होतं. अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाली. काही महिन्यांनी स्टेंट घालायची वेळ आली तेव्हा उजवी नाडी बारीक लागते म्हणून डावं मनगट घेतलं. मी तेव्हाच विचारलं होतं, ‘किडनीच्या डॉक्टरांना एकदा विचारायचं का?’ कॅथ लॅबच्या, म्हणजे जिथे अँजिओग्राफी करतात त्या खोलीच्या, दारात उत्तर मिळालं की त्याचा इथे संबंध नाही. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘डॉक्टरांना शिकवू नकोस.’

पुढे किडन्या गेल्या आणि डायलिसिससाठी फिस्टुला करायचा ठरला. फिस्टुला म्हणजे मनगटाजवळ धमनी शिरेला जोडायची, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिच्यात सुया घालता येतात. 1966 पासून चालत आलेली ही पद्धत आहे आणि पहिली पसंती मनगटालाच असते, न वापरणाऱ्या हाताच्या. तिथला बिघडला तर वर कोपराशी जाता येतं. वरून सुरुवात केली की खालचं दार बंद.

सर्जननी अण्णांच्या डाव्या हाताला जेली लावून डॉपलर, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, फिरवला. कोपराशी धप धप आवाज खणखणीत होता. ते हळूहळू खाली आले आणि मनगटाच्या वर तीन बोटांवर आवाज विरला. पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं, तेच. उजवीकडेही तसंच. शेवटी फिस्टुला डाव्या कोपराशी झाला. रक्त तिकडेच ओढलं जाऊन बोटं गार पडायची, डायलिसिस चालू असताना जास्तच, आणि अण्णा लोकरी हातमोजा घालून बसायचे. शेजारच्या बेडवरचे काका स्वतःचं फिस्टुला केलेलं मनगट पुढे करून म्हणायचे, ‘बोट ठेवून बघा, कशी घरघर लागते.’ अण्णा ठेवायचे आणि गप्प बसायचे.

दादा आजही म्हणतो, जीव वाचला ना, मग मनगटाचं काय घेऊन बसलीस. जीव स्टेंटने वाचला हे मलाही मान्य आहे. पण तोच स्टेंट मांडीतूनही घालता आला असता, किंवा अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथून. हा मार्ग 2017 पासून बराच वापरात आलाय आणि त्यात मनगटावरची नस बंद पडण्याचं प्रमाण कमी आहे. ज्याच्या किडन्या जाण्याच्या वाटेवर आहेत त्याचं मनगट राखून ठेवावं, हे किडनीचे डॉक्टर नेहमीच सांगतात. त्यांना फोन लावायला किती वेळ लागतो?

तेव्हा तुम्ही आधी आईचं क्रिएटिनिन बघा. नॉर्मल असेल तर बिनधास्त मनगटातून करा. वाढलेलं असेल तर नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं, मत लेखी घेऊन जा. बायपासची शक्यता असेल तर तेही आधी बोला. हीच धमनी काढून हृदयाला लावतात, पायाच्या शिरेपेक्षा ती जास्त टिकते असं 2018 च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं, पण नळी घातलेली धमनी सर्जन शक्यतो घेत नाहीत. एक हात शिल्लक ठेवा.

झाल्यावर मनगटाला हवेचा पारदर्शक पट्टा बांधतात. तो करकचून ठेवू देऊ नका. रक्त थांबेल एवढाच दाब हवा, आतून प्रवाह चालू राहिला पाहिजे. नर्सला सांगा, ऑक्सिमीटर त्याच हाताच्या अंगठ्याला लावून करंगळीच्या बाजूची नस दाबून बघा. स्क्रीनवर लहर येत राहिली तर धमनी उघडी आहे. घरी आल्यावर पुढचा हात टणक सुजला, बोटं बधिर झाली किंवा पांढरी पडली तर सकाळची वाट न बघता परत न्या.

मी डॉक्टर नाही. अण्णांच्या धमन्या शुगरने आधीच कडक झालेल्या होत्या आणि मनगटातला फिस्टुला कदाचित तसाही चालला नसता, हे सर्जननी मला सांगितलंय. दादा त्यावरच बोट ठेवतो. आणि अटॅक आलेला असेल तर यातलं काहीही विचारत बसू नका, डॉक्टर जिथून घालतील तिथून घालू द्या. पण अण्णांना अटॅक आलेला नव्हता. दोन्ही वेळा तारीख आधीच ठरलेली होती आणि किडनीच्या डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.