मॅटच्या पिशवीबद्दल

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण, तू परवा पाठवलेला योगाच्या मॅटच्या पिशवीचा फोटो. चकचकीत रेक्झिन, या टोकापासून त्या टोकापर्यंत चेन, पाच कप्पे, आणि खाली ‘काकू, घेऊ का?’

नको घेऊस.

तशीच एक मी हौसेनं घेतली होती. जुलै महिना, वर्गातला घाम, मॅट गुंडाळून आत, चेन बंद, आणि घरी आल्यावर पिशवी दाराआड उभी. मध्ये तीन दिवस वर्गाला सुट्टी होती. चौथ्या दिवशी उघडली तर ओल्या मोज्यांचा वास! मॅट धुतल्यावर तिचा वास गेला, पिशवीचा काही जाईना. रेक्झिनमधून हवा जातच नाही, मग दुसरं काय होणार? सुती कॅनव्हास बघ, नाहीतर निदान एका अंगाला जाळी असलेली.

पण त्याआधी मॅट गुंडाळ आणि शिंप्याच्या टेपनं तिचा घेर मोज. दुकानदार ‘सगळ्या मॅट बसतात’ म्हणतो, त्यावर जाऊ नकोस. तुझी मॅट १७३ बाय ६१ सेंटिमीटर, जाडी ६ मिलिमीटर. घट्ट गुंडाळली तर साडेअकरा सेंटिमीटर व्यासाची वळकटी होते. पण गाडी पकडायच्या घाईत घट्ट गुंडाळतंय कोण? तेरा धरून चाल. तुझ्या मैत्रिणीची ४ मिलिमीटरची साडेनऊतच आटपते, म्हणून तिच्या पिशवीत तुझी कोंबायला जाशील तर शिवण उसवेल.

मला विचारशील तर शिवूनच घे. ३६ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, पाऊण मीटर जाड कापड पुरतं. आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळव. सुती कापड आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर मॅट आत जाणार नाही. ४७ बाय ७५ सेंटिमीटरचा एक तुकडा, तळाला १७ सेंटिमीटर व्यासाचा गोल, शिवणीचं माप त्यात धरलेलंच आहे. उरलेल्या कापडात किल्ली आणि पासापुरता एक खिसा. एकच. पाच कप्पे केलेस की त्यात पाण्याची बाटली, डबा, छत्री, सगळा संसार येतो. तोंडाला चेन नको, नाडी घाल. चेनचा रनर एकदा बिघडला की पिशवी पडून राहते. नाडी तुटली तर दहा मिनिटांत नवी ओवता येते.

पट्टा निवारीचा, म्हणजे खाटेला विणतात तसल्या जाड पट्टीचा, दीड इंच रुंद. बारीक दोरी खांद्यात रुतते, आणि पुढेमागे रबराची मॅट घेतलीस तर ती दोन-अडीच किलो भरते. पट्ट्याचं एक टोक तळाशी, दुसरं तोंडापाशी, दोन्ही एकाच शिवणीवर लाव. म्हणजे चालताना पिशवी पाठीवर तिरकी राहते आणि लोकलमध्ये पुढे घेऊन उभी धरता येते. ठाण्याहून दादरला जाताना दोन फुटांची वळकटी खांद्याला आडवी लटकवलीस तर लेडीज डब्यातल्या बायका काय बोलतील ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

उन्हाळ्यात खरं तर पिशवीवाचूनही भागतं. आसनांसाठी घेतलेला आठ फुटी पट्टा आहे ना, त्याच्या दोन्ही टोकांना फास करून ते मॅटच्या दोन टोकांवर चढव, मधला भाग खांद्यावर. मी कितीतरी दिवस तशीच हिंडले. पावसाळ्यात मात्र हे चालत नाही. तेव्हा कॅनव्हासच्या पिशवीवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी उलटी घालायची आणि पोचल्याबरोबर काढायची. दिसतं गबाळं, पण मॅट कोरडी राहते.

घरी आलीस की मॅट बाहेर काढून दोरीवर टाक, सावलीत. रबराची असेल तर उन्हात मुळीच नको, ऊन रबराला खातं. पिशवीही उलटी करून वाळव.

माझ्याकडे जुन्या पडद्याचं जाड कापड पडलंय, गडद निळं, मळखाऊ. तुझ्या मॅटचा घेर मोजून कळव. रविवारी मशीन काढणारच आहे.

तुझी,
काकू