एडिट केलेल्या फोटोची मास्टर फाइल कशात ठेवावी: टिफ, पीएसडी की जेपीईजी?

टिफमध्ये. 16 बिट, लेयर्ससकट (लेयर्स म्हणजे फोटोवर वेगवेगळे ठेवलेले बदलांचे थर). जेपीईजी गिऱ्हाइकाला आणि लॅबला द्यायला ठीक, मास्टर म्हणून नको.

सांगलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. बरीच वर्षं मीही 12 नंबरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या क्वालिटीचा जेपीईजी ठेवून निर्धास्त होतो. मग एकाला आयर्विन पुलाचा माझा जुना फोटो भिंतभर मोठा करून हवा झाला. थंडीतली पहाट, कृष्णेवर धुकं, पूल अर्धा पुसलेला. जरा उजळायला घेतला आणि धुक्यात पट्टे उमटले, घाटाच्या पायऱ्यांसारखे. जेपीईजीत प्रत्येक रंगाला 256 छटा, त्यातल्या मोजक्याच धुक्याच्या वाट्याला आलेल्या. त्या ताणल्यावर मधल्या छटा आणायच्या कुठून? 16 बिटमध्ये त्याच रंगाला 65,536 छटांची जागा असते. (आहे त्या जेपीईजीचं टिफ करून काही होत नाही. गेलेल्या छटा परत येत नाहीत, फाइल तेवढी फुगते.) नशिबाने रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल, होती. पण पुलाचा मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारा), कर्व्ह (उजेड-अंधार बदलणारा), सगळं मी एकाच थरात सपाट करून टाकलेलं. दोन रात्री बसून पहिल्यापासून केलं.

जेपीईजी नुसता उघडून पाहिल्याने किंवा कॉपी केल्याने खराब होतो, हा मात्र गैरसमज आहे. झीज होते ती बदल करून पुन्हा सेव्ह करताना.

पीएसडीला, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलला, माझी ना नाही, लेयर्स त्यातही राहतात. पण 2 जीबीच्या पुढे ती सेव्ह होत नाही. टिफ 4 जीबीपर्यंत जाते. शिवाय फोटोशॉपमधून केलेल्या टिफमध्ये लेयर्ससोबत सपाट चित्रही असतं, त्यामुळे उद्या फोटोशॉप नसलं तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरला निदान फोटो दिसतो. टिफ सेव्ह करताना कॉम्प्रेशन (फाइल लहान करायची पद्धत) झिप निवडा. एलझेडडब्ल्यू या दुसऱ्या पद्धतीने 16 बिटची फाइल बऱ्याचदा उलट मोठी होते, हे मला डिस्क भरल्यावर कळलं.

जागेचं म्हणाल तर 24 मेगापिक्सेलचा एक सपाट फोटो, कॉम्प्रेशनशिवाय, 144 एमबी. वर लेयर्स. म्हणून लग्नाच्या दीड-दोन हजार फोटोंची टिफ करत बसू नका. तिथे रॉ आणि लाइटरूमचा कॅटलॉग (त्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलांची नोंद) हाच मास्टर. ज्या पंधरा-वीस फोटोंवर फोटोशॉपमध्ये हात फिरवलाय, तेवढ्यांचीच टिफ.

आणि डिस्क दोन घ्या, दोन गावांत ठेवा. 2019 च्या पुरात स्टुडिओतली माझी गेली. पुलाची टिफ वाचली ती विट्याला, बहिणीच्या कपाटात साड्यांखाली होती म्हणून.