ओएसपीएफमध्ये (राउटरांनी एकमेकांना मार्गांची माहिती देण्याच्या प्रोटोकॉलमध्ये) शेजारी राउटर दिसतो, तरी संबंध ‘एक्सस्टार्ट’वरच (डेटाबेसची देवाणघेवाण सुरू करण्याच्या टप्प्यावर) का अडकतो?

शेजारी दिसतो, म्हणजे एरिया (नेटवर्कचा विभाग), सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन आणि वेळा (इथरनेटवर सहसा हॅलो, म्हणजे ओळखीचे पॅकेट, दर १० सेकंदांनी; डेड, म्हणजे शेजारी बंद समजण्याची मुदत, ४० सेकंद) जुळलेल्या आहेत, आणि समोरच्याच्या हॅलोमध्ये स्वतःचा राउटर आयडी सापडल्यामुळे दोघेही ‘टू-वे’ अवस्था ओलांडून पुढे आले आहेत. अशा वेळी मी सर्वप्रथम एमटीयू (इंटरफेसवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) तपासेन. हॅलोमध्ये त्याचा उल्लेखच नसतो. तो डेटाबेसचे वर्णन करणाऱ्या पॅकेटमध्ये येतो, आणि आपल्या इंटरफेसच्या मर्यादेपेक्षा मोठा असल्यास राउटर ते पॅकेट नाकारतो. ही तपासणी बंद करणारी कमांड अनेक राउटरांत असते, परंतु तिने दुखणे केवळ झाकले जाते. त्यापेक्षा दोन्ही टोकांचा एमटीयू समान करावा. (सामायिक इथरनेटवर डीआर किंवा बीडीआर (सर्वांशी डेटाबेस जुळवणारा मुख्य आणि पर्यायी राउटर) नसलेले दोन राउटर ‘टू-वे’वर थांबले, तर मात्र तो बिघाड नव्हे.)