सासूबाईंना प्रोटीन पावडर देऊ का?

"मॅडम, प्रोटीन पावडरने किडनी खराब होते म्हणतात. सासूबाईंना देऊ की नको?" खुब्याच्या ऑपरेशननंतर पेशंट घरी आला की घरचे आहारतज्ज्ञ म्हणून मला हा प्रश्न हमखास विचारतात. या सूनबाईंनी तर मेडिकलमधून डबा आणलाही होता, पण तो उघडायचा धीर होत नव्हता.

आजी सत्तरीच्या पुढच्या, वजन ५० किलो, मधुमेह जुना. घर माळकरी, म्हणजे अंड्याचा प्रश्नच नाही. आजारी माणसाला हलकंच द्यावं या मायेपोटी सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पेज, रात्री मऊ भात आणि मुगाच्या वरणाचं वरचं पाणी असं चाललं होतं. मांड्या पार उतरल्या होत्या. घरच्यांना वाटे, वयच झालं.

वयापेक्षा अंथरूण जास्त घात करतं. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस झोपवून ठेवलं, तर पायांचे स्नायू जवळपास एक किलोने घटले. पेशंटला तर जखम असते, सूज असते, जेवणही जात नसतं. म्हणून आजारपणात ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आजींना ६० ते ७५ ग्रॅम हवी होती. जेमतेम २५ मिळत होती.

किडनीची भीती खोटी नाही, पण ती आधीच किडनी कमजोर असलेल्यांसाठी. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि किडनी बाहेर टाकते तो घटक, स्नायू झिजलेल्या माणसात फसवतं, म्हणून डॉक्टरांकडून सिस्टॅटिन-सी या दुसऱ्या रक्ततपासणीवरून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, बघून घेतला. तो ठीक निघाला. तसा नसता तर प्रथिनांचं प्रमाण किडनीच्या डॉक्टरांनाच ठरवावं लागलं असतं.

मग डब्याचं लेबल वाचलं. घटकांत साखर दुसऱ्या नंबरवर, आणि एका मापात प्रथिनं अगदी थोडी. तो डबा परत करायला लावला आणि बिनसाखरेचं साधं व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर, सुचवलं. एका मापात साधारण २० ग्रॅम प्रथिनं.

पण आधी ताट सुधारलं, कारण उरलेली तूट तेवढीच पावडरने भरायची असते. नाश्त्याला पनीर घातलेलं मूगडाळीचं धिरडं आणि दही. वरण घट्ट, पाणी नव्हे. भाकरीत थोडं सोयाबीनचं पीठ. दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर. तिच्या ३० ग्रॅममध्ये १० ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती खिशालाही परवडते. म्हातारे स्नायू चिमूटभर प्रथिनांना दाद देत नाहीत, म्हणून प्रत्येक जेवणात २० ग्रॅमच्या पुढे जायचं ठरवलं. भूक मंद असे तेव्हा, म्हणजे दुपारी, व्हेचं एक माप.

एकादशी मात्र आजी सोडणार नव्हत्या, आणि मीही तो आग्रह धरला नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे त्या दिवशी दूध, पनीर, दाणे आणि व्हेची दोन मापं. साखरेच्या गोळ्यांचं काय करायचं, ते डॉक्टरांना विचारून.

फिजिओथेरपिस्टने दिलेली खुर्चीतली उठबस आजी कंटाळत करायच्या. तिथे मी अजिबात सूट दिली नाही. स्नायूंना काम पडलं नाही, तर खाल्लेल्या प्रथिनांचा त्यांना फारसा उपयोग होत नाही.

आजी आता वॉकर घेऊन अंगणात जातात. सूनबाईंनी परवा विचारलं, डबा बंद कधी करायचा? जेवणातूनच ६० ग्रॅम भरायला लागले की. रोजचं दुपारचं माप बंद केलंय, एकादशीचं सध्या ठेवलंय.