बेसिनपाशी अर्धा मिनिट

सलाम पोरी,

तुझा मेसेज आला तेव्हा मी सकाळचा चहा टाकत होते. नाईट ड्यूटी लागल्यापासून बायबल उघडलं नाही, देव लांब गेल्यासारखा वाटतो, असं लिहिलंयस. खाली वर्षभरात बायबल वाचून काढायच्या वेळापत्रकाचा फोटो. तुझ्या खुणा लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात थांबल्यात. बहुतेकांच्या तिथेच थांबतात. 1,189 अध्याय 365 दिवसांत बसवायचे म्हणजे रोज तीनहून जास्त. एक आठवडा नाईट झाली की बावीस-तेवीस अध्यायांची थकबाकी. मग सावकार दिसला की गल्ली बदलावी तसं माणूस देवाला चुकवायला लागतो. ते वेळापत्रक भिंतीवरून काढ.

आणि आधी झोप. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला लावलं. उपदेश एका शब्दाचा नाही. होरेबच्या डोंगरावर देव त्याच्याशी बोलला, ते त्यानंतर. ड्यूटीवरून येऊन गुडघे टेकलेस आणि तिथेच डोळा लागला, तर त्याला पाप म्हणू नकोस.

मी मिरजेत नर्सिंगला लागले तेव्हा आमच्या वॉर्डात एक जुन्या सिस्टर होत्या. माझं हात धुणं त्यांना पटायचं नाही, म्हणायच्या, "नळाखाली हात दाखवून पळतेस. प्रभूची प्रार्थना म्हण, आमेनपर्यंत साबण चोळ." त्यांचा हेतू निव्वळ स्वच्छतेचा होता, असं मला अजून वाटतं. पण सावकाश म्हटली तर ती प्रार्थना अर्धा मिनिट तरी घेते, आणि एका रात्रीत आपण किती वेळा हात धुतो ते तुला सांगायला नको. पहिले काही महिने नुसती बडबड होती. मग एकेक ओळ अडकायला लागली. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या म्हाताऱ्याकडे जाताना रोजची भाकर. ज्याचा नातेवाईक अंगावर धावून आला त्या पेशंटच्या खाटेकडे परत जाताना ऋण सोडण्याची, म्हणजे क्षमेची, ओळ. तिथे मी कित्येकदा पाणी चालू ठेवून नुसती उभी राहिले आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी सगळ्यांत खरी प्रार्थना त्या बेसिनपाशी झाली. तुझ्या दिवसात जी गोष्ट आधीच पक्की आहे, तिलाच प्रार्थना अडकव. वेगळी वेळ काढायला गेलीस तर ती पहिली कापली जाईल.

वाचायचं तर एक स्तोत्र, तेही मोठ्याने, मराठीत. तू इंग्रजी ॲपवर वाचतेस हे मला माहीत आहे. केडगावला मुक्ती मिशनमधल्या शेकडो मुली-बायकांचा पसारा सांभाळत पंडिता रमाबाई वर्षानुवर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत करत राहिल्या, ते साध्या बायकांना कळावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि पुस्तक 1924 मध्ये छापून आलं. एवढा खटाटोप झालेली भाषा आपण इंग्रजी ॲपपायी बंद करून ठेवायची? मन अगदी रिकामं असेल त्या दिवशी 88 वं स्तोत्र वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी धीर वगैरे काही देत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वाचणंही नको वाटलं तर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं ख्रिस्ती भजन गुणगुण. पेटी-तबल्याशिवायही त्याचा ठेका पायांना सापडतो. लांब कॉरिडॉरमध्ये फार बरं पडतं.

आता जे तुझ्या आईलाही पुरतं माहीत नाही ते सांगते. तुझे काका गेल्यावर आठ महिने माझ्या तोंडून प्रार्थना निघाली नाही. रविवार शाळेत मुलांना शिकवत होते, उपासनेत आमेन म्हणत होते, पण आत काहीच नव्हतं. त्या काळात दर गुरुवारी मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, चार बायका घरगुती प्रार्थनेला माझ्याकडे यायच्या. मी येऊ नका म्हटलं तरी यायच्या. त्या प्रार्थना करायच्या, मी आत चहा करायचे, मुद्दाम उशीर लावून. एका गुरुवारी साखर संपली होती म्हणून बाहेर येऊन बसावं लागलं. एवढंच झालं. म्हणून तुला सांगते, पुण्यात खोलीजवळची मंडळी शोध, आणि इन्चार्ज सिस्टरांकडे महिन्यातला एक तरी रविवार मागून घे. आपलं तोंड बंद असतं तेव्हा दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी म्हणायला लागतं, आणि त्यासाठी तिथे आपलं नाव माहीत असलेलं माणूस हवं.

गेल्या महिन्यात तासगावला तुझ्या मामाच्या बागेत गेले होते. एप्रिलची खरड छाटणी नुकतीच झाली होती. द्राक्षं उतरली की काड्या पार खरडून काढतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, बाग गेली. नव्या काड्या फुटतात, ऐन उन्हात वाढतात, त्यांच्यावर घड म्हणून काही नसतो. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जे घड बाहेर पडतात, ते याच दिवसांत काडीच्या डोळ्यात तयार होत असतात. मामा छाटणीआधी थोड्या काड्या तपासायला पाठवतो. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा कापून बघतात, घड आहे की नाही. मी त्याला योहानाचा पंधरावा अध्याय, तो येशूने सांगितलेला द्राक्षवेलीचा आणि छाटणीचा, आठवतो का विचारलं. म्हणाला, "आठवतो की, पण येशूने पाण्याच्या टँकरचं काही सांगितलेलं नाही."

तुझ्या बागेत सध्या कोणता महिना चालू आहे, एप्रिल की ऑक्टोबर, ते मला इथून दिसत नाही.

मामाने बेदाणे दिलेत, एक डबा तुझ्यासाठी काढून ठेवलाय. डब्यात नाईटला घेऊन जात जा, पहाटे तीनला बिस्किटांपेक्षा बरे. रविवारी फोन कर, पण अकरानंतर. त्याआधी मी मंडळीत चहा वाटत असते आणि मला काही ऐकू येत नाही.

तुझी,
मावशी