.308 च्या रीलोडिंगसाठी लापुआची केस घ्यावी की स्टारलाइनची? शेवटी पितळ ते पितळच ना?

तुमचे मेहुणे टेक्सासला असतात, .308 विंचेस्टरच्या बोल्ट रायफलने टार्गेट शूटिंग करतात, काडतुसं घरीच भरतात. लापुआची रिकामी केस, म्हणजे काडतुसाची पितळी पुंगळी, स्टारलाइनच्या जवळपास दुप्पट भावाने पडते, तर ते पैसे वसूल होतात का, एवढंच तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर देतो. पण "शेवटी पितळ ते पितळच ना" हे जे शेपूट जोडलंय, ते नाशिकला अंबड-सातपूरच्या प्रेसशॉपमध्ये दर खरेदीवाल्याच्या तोंडी असतं. आधी त्याचा निकाल लावू.

काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. फिनलंडची लापुआ असो, स्वीडनची नोर्मा असो की मिसुरीतली स्टारलाइन, मिश्रण हेच. भाव ठरतो तो ओढकामावर आणि तापवण्यावर. चकतीची वाटी होते, वाटी डायमधून (पोलादी साच्यातून) टप्प्याटप्प्याने ओढत नळी होते. प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जातं. मधे भट्टीत घालून नरम केलं नाही तर पुढच्या डायला फाटतं. पुंगळीचं अवघड काम पुढेच आहे. एकाच तुकड्यात बूड कडक हवं आणि मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, नरम. बूड नरम राहिलं तर 62,000 पीएसआयपर्यंतच्या (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाने प्रायमरचा, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचा, खळगा पसरतो आणि प्रायमर सैल बसायला लागतो. तिथे केस संपली. मान कडक राहिली तर गोळीवरची पकड दर केसला वेगळी, आणि भरण्या-झाडण्याच्या थोड्याच फेऱ्यांत मानेला उभी चीर. म्हणून शेवटी फक्त मान आणि खांदा तापवतात. लापुआच्या मानेवर निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो त्याचाच. बरेच कारखाने तो पॉलिश करून घालवतात, कारण गिऱ्हाइकाला माल चकचकीत लागतो.

या चकाकीपायी काय होतं ते एका लॉटवर बघा. ओढीव पितळी टोप्या होत्या, मापं ड्रॉइंगप्रमाणे, रंग सोन्यासारखा. शेवटी 260 अंशांवर तासभर ठेवायचं असतं. त्याने कडकपणा जात नाही, पण ओढीत अडकलेला ताण उतरतो. पार्टीने भाव पाडला आणि ही पायरी गाळायला लावली. माल निफाडकडच्या गोदामात गेला, शेजारी कोंबडखताची पोती. पावसाळ्यात निम्म्याहून जास्त टोप्यांना कडेपासून उभ्या चिरा. लगेच आरोप, पितळ भेसळीचं. तपासणीत मिश्रण चोख 70-30 निघालं. आत अडकलेला ताण, खतातला अमोनिया आणि दमट हवा, तिन्ही एकत्र आले की हे पितळ तडकतंच. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं याच देशात पावसाळ्यात तबेल्यांशेजारी ठेवल्यावर अशीच तडकायची. सीझन क्रॅकिंग हे नाव तिथून पडलं, आणि 1921 साली कारणाचा नीट उलगडा छापून आला. मर्क्युरस नायट्रेटच्या चाचणीत हा ताण काही मिनिटांत उघडा पडतो. चाचणीचे पैसे मात्र कुणाला द्यायचे नसतात. मेहुण्यांना सांगा, अमोनिया असलेलं पॉलिश केसला लावायचं नाही, आणि रायफलची नळी साफ करायचं अमोनियाचं सॉल्व्हंटही केसपासून लांब ठेवायचं.

आता तुमचा प्रश्न. 300 मीटर आणि पुढे मारत असतील, तर लापुआ किंवा अमेरिकेतल्या पीटरसन कंपनीची केस डोळे झाकून घ्या. शंभर मीटरवर सरावच असेल तर स्टारलाइन भरपूर झाली. वाचलेल्या पैशांत मानेची जाडी मोजायचा बॉल मायक्रोमीटर घ्या. एका मानेवर चार ठिकाणी जाडी बघायची, 0.001 इंचाच्या आत फरक असेल तर केस चांगली. केसचं वजन करून ढीग लावत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. वजनातला बराच फरक बुडाच्या कडेला आणि खाचेत असतो, त्याचा आतल्या जागेशी संबंध थोडा. जागाच बघायची तर एकदा झाडलेल्या केसमध्ये पाणी भरून ते तोला.

आणि दोन कंपन्यांच्या केस एका डब्यात नकोत. जाड केसमध्ये आतली जागा कमी, तीच दारू भरली तरी दाब वाढतो. ब्रँड बदलला की दारूचं माप पुन्हा खालपासून चढवत आणायचं. हे टाळणारे लोक भेटतात, आणि दोष ब्रँडला देतात.

तीच गत डायची. साइझिंग डाय, म्हणजे झाडलेली केस पुन्हा मापात दाबणारा साचा, खांदा 0.001 ते 0.002 इंच मागे सारेल इतपतच बसवायचा. दर वेळी तळापर्यंत दाबला तर पितळ पुढे सरकत राहतं, बुडाच्या जरा वर आतून खाच पडते आणि एक दिवस केस तिथे तुटते. टोक वाकवलेली बारीक तार आत फिरवून बघा. खाच लागली की केस भंगारात. लांबी 2.015 इंचाच्या वर गेली की 2.005 ला छाटायची. एवढं पाळलं तर स्टारलाइनही भरपूर फेऱ्या देते. न पाळणाऱ्याची लापुआही लवकर जाते.

राहिलेल्या दोन गोष्टी. लापुआची .308 पाल्मा ही वेगळी केस घेतली तर तिला छोटा रायफल प्रायमर लागतो आणि प्रायमरची ज्योत दारूपर्यंत नेणारं भोक 1.5 मिमीचं असतं. जुना प्रायमर ढकलून काढायची नेहमीची डीकॅपिंग पिन त्यात अडकून वाकते, बारीक पिन आधी मागवा. आणि मेहुणे नाशिकला येताना आठवण म्हणून रिकाम्या पुंगळ्या बॅगेत टाकणार असतील तर आधीच अडवा. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळाच धरलेत, आणि विमानतळाच्या स्कॅनरवर पुंगळी स्पष्ट दिसते.