शंका-समाधान : टीव्ही घ्यावा की प्रोजेक्टर?

वर्गातल्या डिजिटल साधनांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत. सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लोकवर्गणीतून चाळीस हजारांच्या आसपास रक्कम जमली आहे. वर्गखोली २० बाय २४ फूट, पट ३८. ग्रामस्थ ४३ इंची टीव्ही घ्या म्हणतात, सहकारी शिक्षक प्रोजेक्टर म्हणतात. दुपारी वीज हमखास जाते. काय घ्यावे?
— मुख्याध्यापक, जि. प. शाळा, यवतमाळ जिल्हा

दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घ्या. पडद्यावरचा मजकूर वाचायचा असेल, तर चित्राची उंची शेवटच्या मुलाच्या अंतराच्या किमान एक षष्ठांश हवी, असा ढोबळ नियम आहे. २४ फुटी खोलीत शेवटचे मूल भिंतीपासून साधारण साडेसहा मीटरवर बसते, म्हणजे चित्र १०८ सेंमी उंच हवे. ४३ इंची टीव्हीची उंची भरते जेमतेम ५४ सेंमी. तो सव्वातीन मीटरपर्यंतच वाचता येतो. मागच्या दोन-तीन रांगांना नुसती हलती चित्रे दिसतात आणि तिथूनच गोंगाट सुरू होतो. ६५ इंची टीव्हीसुद्धा पाच मीटरच्या आतच संपतो.

प्रोजेक्टरने १०८ सेंमी उंच आणि १९२ सेंमी रुंद चित्र सहज मिळते. त्याच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ (भिंतीपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी) बघा. तो १.५ असेल तर १९२ सेंमी रुंदीसाठी प्रोजेक्टर भिंतीपासून सुमारे २.९ मीटरवर टांगावा लागेल. तिथे पंखा आडवा येतो का, हे आधी पाहा. ही चूक फार शाळांत होते, आणि मग पंखा बंद ठेवून एप्रिलमध्ये तास घ्यावे लागतात. उजेड ३००० ते ३५०० ‘अॅन्सी ल्युमेन’ (ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) हवा आणि खिडक्यांना अर्धे पडदे हवेत. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त एलईडी प्रोजेक्टरवर नुसते ‘९००० ल्युमेन’ लिहिलेले असते. ‘अॅन्सी’ हा शब्द नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. भिंत मात्र चुन्याची पांढरी, चकाकी नसलेली चालते. वेगळा पडदा नंतर घेतला तरी हरकत नाही.

आता विजेचा हिशेब. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरीत १८०० वॉट-तास असतात. बॅटरी टिकावी म्हणून निम्मेच वापरायचे, त्यातून इन्व्हर्टरची घट वजा केली की हाती ७५० च्या आसपास उरतात. प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून ३०० वॉट घेतात, म्हणजे अडीच तास. ४३ इंची टीव्ही १०० वॉटच्या आत भागतो, म्हणजे सात तास.

तुमच्या पटाला आणि खोलीला प्रोजेक्टरच बरा, पण इन्व्हर्टरसकट. इन्व्हर्टर त्या रकमेत बसत नसेल तर टीव्ही घ्या, निम्म्या मुलांना सतरंजीवर तीन मीटरच्या आत बसवा आणि दोन गट करा. आणखी एक : दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर बटन बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत मुख्य वीज बंद करायची नाही. गरम दिवा तसाच राहिला की त्याचे आयुष्य घटते. शिपाईमामांनाही हे सांगून ठेवा, कारण शाळा सुटल्यावर मेन स्विच तेच बंद करतात.

प्रश्न : फोन टीव्हीला जोडायला टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणली. टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येते. केबल बदलून पाहिली, तरी तेच.
— शिक्षिका, सिन्नर

केबल बहुधा ठीक आहे, फोनला ते जमत नाही. टाइप-सी हा फक्त खाचेचा आकार झाला. त्यातून चित्र बाहेर पाठवायला फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट’ची सोय लागते आणि स्वस्त व मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये ती नसते. कोणतेही अॅप टाकून ती येत नाही. केबल परत करता आली तर करा.

दोन पर्याय आहेत. फोनमध्ये ‘कास्ट’ (सॅमसंगमध्ये ‘स्मार्ट व्ह्यू’) आणि टीव्हीत ‘मिराकास्ट’ किंवा ‘स्क्रीन मिररिंग’ असेल, तर दोन्ही थेट जोडली जातात, इंटरनेट लागत नाही. दुसरा पर्याय पेनड्राइव्हचा, आणि रोजच्या वापराला आम्ही तोच सुचवतो. व्हिडिओ एमपी४ प्रकारात, एच.२६४ या संकोचन पद्धतीत ठेवा. फोनच्या कॅमेऱ्यात ‘हाय एफिशियन्सी’ चालू असेल तर चित्रण एचईव्हीसी या नव्या पद्धतीत होते आणि जुने टीव्ही ते उघडत नाहीत, म्हणून ते बंद करा. पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवण्याचा एक जुना प्रकार) मध्ये फॉरमॅट केलेला असावा, कारण जुन्या टीव्हींना दुसरा प्रकार वाचता येत नाही. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मात्र बसत नाही. पेनड्राइव्हवर भरपूर जागा असूनही फाइल कॉपी होत नसेल, तर कारण हेच.

प्रश्न : वर्गात फोन एकच, माझा. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. कोणाला खरंच समजलं हे एका फोनवर कळेल का?
— विषयशिक्षक, गणित, सांगली जिल्हा

कळेल. ‘प्लिकर्स’ हे अॅप यासाठीच आहे. संकेतस्थळावर वर्ग तयार करा. मुलांच्या नावांऐवजी हजेरी क्रमांक टाकले तरी काम होते आणि मुलांची माहिती बाहेर जात नाही. ४० कार्डांचा संच छापून घ्या. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी आकृती आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी असते. मुलाने आपल्या उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे. तुम्ही फोनचा मागचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की उत्तरे क्रमांकासह नोंदली जातात. शेजाऱ्याला उत्तर कळत नाही, कारण प्रत्येकाची आकृती निराळी. फोनला इंटरनेट लागते.

बिघडते ते इथे : चकचकीत लॅमिनेशनवर उजेड परावर्तित होतो, म्हणून कार्डे जाड कागदावर छापा, लॅमिनेशन नको. मुले बोटांनी काळा भाग झाकतात, त्यांना कडेला धरायला शिकवा. मुलांच्या पाठीमागे खिडकी असेल तर कॅमेऱ्याला कार्डे काळवंडलेली दिसतात. तुम्ही खिडकीच्या बाजूला उभे राहा.

खरी मेहनत प्रश्नात आहे. चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या चुकांतून यायला हवेत. ३/४ + १/२ साठी पर्याय द्या : ५/४, ४/६, ४/८, ३/८. ४/६ निवडणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, ४/८ वाल्याने अंश मिळवून छेद गुणले, ३/८ वाल्याने सरळ गुणाकार केला. निकाल पाहताच कोणत्या गटाला काय शिकवायचे ते कळते. ‘यांपैकी नाही’ असा पर्याय ठेवला तर यातले काहीच हाती लागत नाही.

बरोबर उत्तरे ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आली तर लगेच उत्तर सांगू नका. दोन मिनिटे शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायला सांगा आणि पुन्हा कार्डे वर करायला लावा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात ही रीत रुजवली, तीही कोणत्याही अॅपशिवाय. ३० टक्क्यांहून कमी आली तर चर्चेत वेळ जातो. तेव्हा पुन्हा शिकवावे. रेंज नसेल त्या दिवशी ए-फोर कागदाला चार घड्या घालून प्रत्येक घडीवर एकेक अक्षर लिहा. नोंद राहणार नाही, पण वर्गाचा अंदाज येतो.

प्रश्न : गुगल फॉर्मवर घटक चाचणी घेतली. बरोबर उत्तरे लिहूनही काहींना शून्य गुण मिळाले. पालक नाराज आहेत.
— शिक्षिका, इ. ७ वी, ठाणे

लघुउत्तराचा प्रश्न असला की फॉर्म फक्त अक्षरे जुळवतो. तुम्ही उत्तरसूचीत देवनागरी २५ लिहिले आणि मुलाने इंग्रजी अंकांत पंचवीस लिहिले, तर त्याचे उत्तर चूक ठरते. ‘२५ सेंमी’ लिहिले तरी चूक. मराठीत याहून गनिमी अडचण ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांची. त्यातला ऱ्या दोन प्रकारे टंकता येतो : टिंबवाल्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखे, फॉर्मला निराळे. म्हणून उत्तरसूचीत शक्य ती सगळी रूपे टाका, आणि गुण ‘तपासणीनंतर’ जाहीर करण्याची निवड ठेवा. अंकांच्या उत्तरांसाठी बहुपर्यायी प्रश्न बरे.

‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादाही बंद करा. ती चालू असली की खात्याने लॉगिन करावे लागते आणि एकाच फोनवरची दुसरी भावंडे अडकतात. त्याऐवजी पहिला प्रश्न हजेरी क्रमांकाचा ठेवा.

प्रश्न : दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये आहेत. नव्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो.
— माध्यमिक शाळा, बार्शी

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) साठवलेला नसतो, फॉन्टच त्याला मराठी रूप देतो. फॉन्टचे नेमके नाव शोधा आणि त्याच फॉन्टसाठीचे परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरा. एकाचे दुसऱ्याला चालत नाही. नंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी, क्ष, ज्ञ आणि ऱ्य नक्की तपासा, घोटाळा तिथेच होतो. फाइल हरवली असून छापील प्रत असेल तर तिचा स्वच्छ फोटो गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर युनिकोडमध्ये मिळतो. तक्ते आणि गणिती चिन्हे मात्र हाताने घालावी लागतील. पुढचे सर्व काम युनिकोडमध्येच करा.

प्रश्न : पाड्यावर रेंज नाही. पुस्तकातले क्यूआर कोड वापरायचे कसे?
— शिक्षक, जव्हार

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावर नेतात. तालुक्याच्या गावी गेलात की दीक्षा अॅपमध्ये पुढच्या आठवड्याचे पाठ डाउनलोड करून घ्या, वर्गात ते इंटरनेटविना उघडतात. कोड पुसट झाला असेल तर त्याच्याजवळ छापलेली सहा अक्षरे-अंक अॅपमध्ये टंकली तरी चालते. आठवड्याचे पाठ संपले की काढून टाका, नाहीतर फोनची जागा दोन महिन्यांत भरते.